एकोणीस दिवस

प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर, सगळ्यांचे डोळे जड व्हायच्या वेळेला मास्तरांनी प्रत्येकाच्या पुढ्यात दोन-दोन पानं ठेवली. ताईंनी चष्मा लावला, पहिला परिच्छेद वाचला आणि तो पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

ताई म्हणजे बालसंरक्षण विभागातल्या सगळ्यात जुन्या कार्यकर्त्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. एखाद्या घरी मुलांना मार पडतोय, मुलं उपाशी आहेत, एकटी कोंडली जातायत अशी खबर आली, की जाऊन बघायचं, आईबापांशी बोलायचं, जमेल तितकं घर सावरायचं आणि नाहीच जमलं तर मुलाला सुरक्षित ठिकाणी हलवायचं, हे काम त्या एकवीस वर्षं करत होत्या. एवढ्या वर्षांत त्यांना कुत्रे चावले होते, एका बापाने जिन्यावरून ढकललं होतं, आणि एका मुलीने स्वतःच्या लग्नात पहिल्या रांगेत बसवलं होतं. आणि आता वरून हुकूम आला होता, की नवा असो वा जुना, प्रत्येकाने चार दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि परीक्षा द्यायची. नापास होईल त्याने पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा बसायचं आणि तोवर एकट्याने कुठल्याही घरी जायचं नाही.

म्हणून ताई आपली एकतीस कुटुंबं वाऱ्यावर सोडून या खोलीत येऊन बसल्या होत्या. खोलीचा एसी गळत होता, त्याखाली लाल बादली ठेवली होती. खुर्च्यांना लिहायची फळी होती, ती ताईंच्या कोपरापेक्षा अरुंद होती. शिकवणारा तिशीचा मुलगा सभ्य होता, सगळ्यांना ‘आपण’ म्हणायचा आणि फळ्यावर रेघा मारताना पट्टी वापरायचा. पट्टी बघूनच कुणीतरी त्याला मास्तर म्हटलं आणि ते नाव चिकटलं. ताईंच्या शेजारी त्यांच्याच कचेरीत तीन आठवड्यांपूर्वी लागलेली मुलगी बसली होती. तिला सगळे नवी म्हणत. ती रोज सकाळी ताईंना खोकल्याची गोळी द्यायची आणि मास्तर खोकले तरी लिहून घ्यायची.

पानावर लिहिलं होतं: ‘दोन बहिणी, वय सात आणि चार. वडील नाहीत. आई हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत रात्रपाळीला. शेजाऱ्यांची तक्रार अशी, की आई मुलींना बाहेरून कडी लावून जाते.’

अशा आया ताईंनी पन्नास पाहिल्या होत्या. पण पुढची ओळ होती: ‘खोली पहिल्या मजल्यावर. खिडकीला गज नाहीत. खिडकीखाली शिलाई मशीनचं टेबल, मशीन नाही.’

असं टेबल त्यांनी जन्मात एकच पाहिलं होतं. मशीन विकलेलं, पायडल तेवढं खाली लटकत राहिलेलं.

‘कार्यकर्ती क हिने आईच्या तोंडी आश्वासनावर विश्वास ठेवला,’ पुढे लिहिलं होतं. ‘दुसरी भेट एकोणीस दिवसांनी, म्हणजे धाकटी मुलगी खिडकीतून पडल्यानंतर झाली. मुलीच्या पायाला कायमचं अधूपण आलं. कार्यकर्ती क हिची मुख्य चूक कोणती? चर्चा करा.’

चर्चा लगेच रंगली. दुसऱ्याच्या चुकीवर बोलायला कुणाला तयारी लागत नाही.

“निष्काळजीपणा. दुसरं काय?” दुसऱ्या कचेरीतले एक मिशीवाले म्हणाले. “एकोणीस दिवस बाई झोपली होती काय?”

“आई म्हणाली आणि हिने मान डोलावली,” मागून कुणीतरी म्हणालं.

नवी हात वर करून उठली. “सर, हे तर इतकं उघड होतं. मी असते तर दुसऱ्याच दिवशी परत गेले असते.”

“कशी गेली असतीस?” ताईंनी विचारलं.

नवीला वाटलं, ताई मदत करतायत. “म्हणजे… बसने.”

लोक हसले. ताई हसल्या नाहीत. “आणि तुला तेव्हा याच खोलीत बसवून ठेवलं असतं तर?”

मास्तरांनी पट्टी खाली ठेवली. “ताई, मला नीट कळलं नाही.”

“ही कार्यकर्ती क मी आहे,” ताई म्हणाल्या.

खोलीत बादलीत पडणाऱ्या थेंबाचा आवाज ऐकू यायला लागला. मिशीवाले आपल्या पानांत काहीतरी शोधायला लागले.

ताईंनी सांगितलं ते थोडक्यात असं. नऊ वर्षांपूर्वी एका गुरुवारी ताई त्या घरी गेल्या. आईशी बोलल्या. ती वाईट बाई नव्हती, तिच्याकडे दुसरा इलाज नव्हता. त्याच संध्याकाळी ताईंनी कचेरीत अर्ज टाकला, की या दोन मुलींना रात्री ठेवून घेणारं पाळणाघर ताबडतोब मिळावं. उत्तर आलं, यादीत नाव घातलं आहे. सोमवारपासून ताईंचं सहा दिवसांचं प्रशिक्षण होतं, याच खोलीत. विषय होता, कुटुंबाचा विश्वास कसा मिळवावा. ताईंनी लेखी विनंती केली, की मला एक अर्धा दिवस सोडा, मला एका घरी जाऊन यायचंय. त्यावर लेखी उत्तर मिळालं, की प्रशिक्षणातून सवलत देता येत नाही. ते संपलं त्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी राजीनामा दिला आणि त्यांची तेवीस कुटुंबं ताईंच्या गळ्यात आली. त्यात एक बरगड्या मोडलेलं बाळ होतं.

“मी ते बाळ आधी घेतलं,” ताई म्हणाल्या. “आज विचारलंत तरी तेच आधी घेईन. यातलं एक अक्षर तरी इथे आहे का?”

मास्तर खरंच कावरेबावरे झाले होते. “ताई, मला फार वाईट वाटतं. पण या सत्रात आपण फक्त व्यक्तीच्या कामाची पद्धत बघतो. हा तक्ता बघा. मूल, कुटुंब आणि कार्यकर्ता. तीनच रकाने आहेत.”

“आणि कचेरीचा?”

“तो नाहीये.”

“मग काढा. पट्टी आहे ना हातात?”

“तक्ता वरून येतो, ताई. मला त्यात बदल करायचा अधिकार नाही.”

वरून, वरून. उंटावर बसून शेळ्या हाकणारे कधी खाली उतरून कुठल्या दाराशी उभे राहिले होते का, हे विचारायचं ताईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण समोरचं पोर बिचारं उंटावर नव्हतं, तेही शेळ्यांतच होतं. त्या खाली बसल्या. मग बसल्याबसल्याच म्हणाल्या, “आणि एक. माझी चूक झाली नाही असं नाही. झाली. पण ती या पानांवर नाही.”

आता कुणीच पानांत बघत नव्हतं.

“मी गेले तेव्हा टेबल खिडकीखाली नव्हतं, समोरच्या भिंतीला होतं. खिडकी माझ्या छातीइतकी उंच होती. मी म्हटलं, चार वर्षांचं पोर पोचणार नाही. मी निघाले तेव्हा थोरलीने माझी ओढणी धरली. म्हणाली, थांबा ना, गंमत दाखवते. मी घड्याळ बघितलं. बस चुकली तर पुढचं घर चुकणार होतं. मी म्हटलं, पुढच्या वेळी दाखव हं. पुढच्या वेळी ती मला हॉस्पिटलात भेटली. तिथे तिने सांगितलं. धाकटी रोज ते टेबल ढकलत खिडकीखाली न्यायची आणि वर चढून आईची वाट बघत बसायची. तीच गंमत. मी दोन मिनिटं थांबले असते तर तिने मला ते करून दाखवलं असतं.”

त्यांनी चष्मा काढला आणि ओढणीने पुसला. “हे मी फाइलीत लिहिलं नाही. रकाना नव्हता म्हणून नाही. लाज वाटली म्हणून.”

 मास्तरांनी सगळ्यांना चहाची सुट्टी दिली, वेळ झाली नव्हती तरी.

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. प्रकरणांवरचे प्रश्न अनिवार्य होते, एक जरी सोडला तरी नापास. कार्यकर्ती क हिच्या मुख्य चुकीचे चार पर्याय दिले होते: अ, ब, क, ड. बरोबर उत्तर ब होतं, ‘आईच्या शब्दाची पडताळणी न करणे’. ताईंना ते ठाऊक होतं, सगळ्या खोलीला ठाऊक होतं. ताईंनी कशावरच खूण केली नाही. समासात बारीक अक्षरात सहा ओळी लिहिल्या. पेपर तपासणारं यंत्र समास वाचत नाही. ताई नापास झाल्या. नवीला शंभरापैकी शहाण्णव पडले.

“अहो ताई, हात दाखवून अवलक्षण कशाला?” कचेरीच्या मोठ्या बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. “ब ला खूण करायची आणि मोकळं व्हायचं.”

“ब खोटं आहे.”

“परीक्षेत खरं-खोटं नसतं हो, बरोबर-चूक असतं. आता पुढची तुकडी पाच आठवड्यांनी. तोवर तुम्हाला एकटीला मी घराबाहेर काढू शकत नाही. तुमची एकतीस घरं मी काय डोक्यावर घेऊ?”

मोठ्या बाई तरी काय करणार होत्या? सात कार्यकर्त्यांचं काम चौघींत ढकलत होत्या. शेवटी त्यांनीच तोड काढली. नियमात ‘एकट्याने’ असं लिहिलं होतं. प्रमाणपत्र असलेलं कुणी बरोबर असेल तर चालत होतं. आणि प्रमाणपत्र असलेली, अजून स्वतःची कुटुंबं न मिळालेली अशी एकच व्यक्ती कचेरीत होती. म्हणून एकवीस वर्षांच्या ताईंवर देखरेख करायला तीन आठवड्यांची नवी नेमली गेली, आठवड्यातून तीन दिवस. भेटीच्या कागदावर सही तिची.

त्या रात्री जेवताना ताईंनी हे घरी सांगितलं. ताईंचे यजमान दातांच्या कवळ्या तयार करत. ते खो खो हसले आणि मग बायकोचं तोंड बघून गप्प झाले.

“अगं, आमच्याकडे तेच,” ते म्हणाले. “डॉक्टर माप चुकीचं घेतो, कवळी बसत नाही आणि शिव्या खातो मी. म्हणून मी माप आल्याची तारीख आणि माप पाठवणाऱ्याचं नाव लिहून ठेवतो. तू वर पत्र लिही.”

“वाचणार कोण ते?”

“कुणी वाचू नाही तर न वाचू. लिहिलं नाही असं नको व्हायला.”

ताईंनी पत्र लिहिलं. नऊ वर्षांपूर्वीचं, सवलत नाकारल्याचं उत्तर त्यांनी जपून ठेवलं होतं, त्याची झेरॉक्स जोडली. दोन मागण्या केल्या. प्रकरणात खरं काय झालं ते घाला आणि तक्त्यात कचेरीचा रकाना वाढवा.

इकडे दोघींची वरात सुरू झाली. पहिल्या दिवशी बसस्टॉपवर नवी म्हणाली, “ताई, मी त्या दिवशी बोलले ते…”

“पानावर जे होतं त्यावरून मीही तेच म्हटलं असतं. सोड.”

नवीने चार दिवसांत धोक्याच्या छत्तीस खुणा पाठ केल्या होत्या. पहिल्याच घरात ती वही काढून मोजायला लागली, तशी त्या घरातली आई ओठ मिटून बसली. बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, “वही पिशवीत ठेव. बसमध्ये लिही.” दुसऱ्या घरी नवीने मुलाला विचारलं, तुला घरी सुरक्षित वाटतं का? मूल आईकडे बघायला लागलं. ताईंनी त्याच मुलाला विचारलं, तू झोपतोस कुठे, दाखव मला. मुलाने हात धरून नेलं. गादी बघून नवीला जे कळलं त्याला छत्तीसांत नंबर नव्हता. तिसऱ्या आठवड्यात एका आजीने दोघींवर पाणी फेकलं. नवी रडली. ताईंनी तिला कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन बिस्किटं घेऊन दिली आणि अर्ध्या तासाने पुन्हा त्याच दारात उभं केलं. त्या वेळी आजीने आत घेतलं, कारण तोवर तिचीच तिला लाज वाटली होती. हे ताईंना अनुभवाने ठाऊक होतं. आता नवीलाही झालं.

पण तीन दिवसांत एकतीस घरं होत नाहीत. जी राहिली त्यांना ताई फोन करत. “तुम्ही येणार होतात ना,” पलीकडून आवाज यायचा. फोन ठेवला की ताईंना स्वतःचाच राग यायचा. सहा ओळी लिहिल्या समासात, आणि किंमत कोण मोजतंय, तर ज्यांचा त्या खोलीशी काडीचा संबंध नाही ते.

चौथ्या आठवड्यात वरून पत्राचं उत्तर आलं. ताईंनी घाईघाईने पाकीट फोडलं. ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली असून सदर प्रकरण अभ्यासक्रमातून वगळण्यात आले आहे.’ रकान्याबद्दल एक शब्द नव्हता. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. दुरुस्त करा म्हटलं तर त्यांनी ते मिटवूनच टाकलं. आता त्या दोन बहिणींबद्दल चुकीचंसुद्धा कुणी वाचणार नव्हतं.

पाचव्या आठवड्यात ताई पुन्हा त्याच खोलीत. मास्तरांनी नवं प्रकरण वाटलं. एक तान्हं बाळ, एक दारूडा बाप, आणि ‘कार्यकर्ता ख याने बारा दिवस पाठपुरावा केला नाही.’

ताईंनी हात वर केला. “हा ख बारा दिवस कुठे होता?”

मास्तरांनी पानं उलटली, पालटली. “माहीत नाही. लिहिलेलं नाही.”

“मग तसं फळ्यावर लिहा.”

मास्तरांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग तीन रकान्यांच्या शेजारी पट्टी न वापरताच चौथी रेघ मारली, आणि वर काही नाव न देता खाली लिहिलं: माहीत नाही.

“सर, हे परीक्षेला आहे का?” मागून प्रश्न आला.

“नाही,” मास्तर म्हणाले.

चार-पाच पेनं खाली ठेवल्याचा आवाज आला.

परीक्षेच्या वेळी ताईंनी बराच वेळ पर्यायांकडे पाहिलं. ख कोण, कुठे असतो, आता नोकरीत आहे की नाही, काही ठाऊक नव्हतं. कदाचित तो खरंच झोपला असेल. कदाचित तोही कुठल्या खोलीत बसला असेल. पण पुन्हा नापास होणं त्यांच्या घरांना परवडणारं नव्हतं. त्यांनी क या पर्यायावर खूण केली. ती बरोबर आली. ताई पास झाल्या आणि त्या अनोळखी माणसाच्या पाठीत आपणच बोट खुपसल्यासारखं त्यांना दिवसभर वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या मोठ्या बाईंकडे गेल्या. “नवीला अजून तीन महिने माझ्याबरोबर राहू द्या. पोरगी तयार होतेय.”

“आता तुम्ही दोघीही पास. दोघींना एका घरी पाठवायची चैन आपल्याला आहे का? तिला उद्यापासून बावीस कुटुंबं देतेय.”

“प्रशिक्षण म्हणून दाखवा.”

“ते प्रशिक्षण धरत नाहीत, ताई. मी विचारून पाहिलं, खरंच. शिकवायचं तर तुमची प्रशिक्षक म्हणून नोंदणी हवी. त्यासाठी पाच दिवसांचा कोर्स आहे.”

“कुठे?”

“त्याच खोलीत,” मोठ्या बाई म्हणाल्या.

ताई आपल्या टेबलाशी येऊन बसल्या. नापास होत्या तोवर कचेरीत एक पोरगी काम शिकत होती. पास झाल्या आणि शिकणं बंद पडलं. हा हिशेब कुठल्या शहाण्याने मांडला असेल, ते त्यांना एकवीस वर्षांत कळलं नव्हतं. पुढेही कळेल असं वाटत नव्हतं.

नवीचा फोन तिसऱ्याच दिवशी आला, दुपारी तीनला. ताई एका इमारतीचा जिना चढत होत्या.

“ताई, इथल्या बाई दार किलकिलं करून बोलतायत. म्हणतात, पुढच्या आठवड्यात या. आतून मुलाचा आवाज येतोय.”

“तू कुठे उभी आहेस?”

“दारातच.”

“एक पाऊल मागे हो. आत घुसायला आलीस असं वाटायला नको. आणि प्यायला पाणी माग.”

“पाणी?”

“ऊन आहे, जिना चढून आलीस. पाण्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. ती पाणी आणायला आत जाईल. तिने दार उघडं ठेवलं तर ते तिने ठेवलेलं असेल, तू उघडलेलं नाही. फरक पडतो.”

“आणि बंद केलं तर?”

“तर तिथेच पायरीवर बस आणि मला परत फोन कर.”

ताई जिन्यात उभ्या राहिल्या. वर त्यांच्या यादीतलं घर वाट बघत होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. फोन आला नाही. वीस मिनिटांनी त्या वर गेल्या, पण त्या भेटीत त्यांचा एक कान पर्समध्येच राहिला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई नवीच्या टेबलाशी कागद घेऊन उभ्या होत्या. “एका घरात पावणेदोन तास? अगं, पाऊण तास धरलेला असतो. अशाने तुझी बावीस घरं कधी व्हायची?”

नवी उभी राहिली. मान खाली होती, पण आवाज ठाम होता. “बाई, पहिला एक तास मुलगा कॉटखालून बाहेरच येत नव्हता.”

“आणि तू काय केलंस तासभर?”

“खाली जमिनीवर बसले होते.”

 मोठ्या बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग पलीकडे बसलेल्या ताईंकडे. “हे लिहायचं कुठे मी?”

“जास्तीचा एक तास माझ्या नावावर लिहा,” ताई म्हणाल्या. “माझं प्रशिक्षण झालंय आता.”

मोठ्या बाई हसल्या नाहीत. पण त्यांनी पेन काढलं आणि तसं लिहिलं.